दोन तोंडांची भिंत

त्या दिवशी सकाळपासून चौथ्यांदा जमीन वाजली तेव्हा भागीरथाचे हात पिठात होते. आधी मातीच्या पोटातून, कोणी भरलेला ड्रम लोटत न्यावा तसा आवाज आला. मग फळीवरचे पितळी गंज एकमेकांना लागून किणकिणले, चुलीवरचा तवा जागचा सरकला आणि त्यावरची भाकर अर्धी विस्तवात गेली.

"गेली," भागीरथा म्हणाली. भाकरीबद्दल.

ती उठून पळाली नाही. पहिल्या आठवड्यात पळत होती. लुगड्याचा सोगा तोंडात धरून, म्हाताऱ्या सासऱ्याच्या नावानं ओरडत, हातातलं टाकून पळायची. दिवाळीला हादरे सुरू झाले, त्याला आता तेवीस दिवस झाले होते. शाळेच्या फळ्यावर मास्तर रोजचे हादरे लिहून ठेवत आणि येताजाता माणसं तो आकडा वाचत. वडझिऱ्यात आता कोणी कोणाला जेवलास का विचारत नव्हतं. आज किती झाले, एवढंच विचारत होतं. कोणी म्हणे डोंगरात सुरुंग लावून राह्यले, कोणी म्हणे धरणाचं पाणी खाली गेलं. ग्रामपंचायतीनं चौकात कापडी फलक लावला होता, 'घाबरू नका'. त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्यानं फडफडत होता आणि त्या फडफडीनंच शेजारच्या बेबीताईची म्हैस बुजायची.

"मामाजी, भाहेर चाला," भागीरथानं चुलीपाशी बसूनच हाक दिली.

"झालं ना थे. गेलं," आतून किसनराव म्हणाला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा किसनराव पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या बाजेवर पडून होता. रोज सकाळी भागीरथा आणि तिचा नवरा धर्मपाल त्याला बाजेसकट उचलून निंबाखाली नेऊन ठेवत. रोज दुपारी, दोघं कामावर गेले की, दुखऱ्या गुडघ्यांचा तो म्हातारा बाज ओढत ओढत परत त्याच भिंतीपाशी आणत असे. बाजेच्या पायांनी अंगणात दोन चाकोऱ्या पडल्या होत्या. एखाद्याला गाडीरस्ता वाटावा.

घर गोट्याचं, म्हणजे दगडाचं, मातीत रचलेलं, वर धाबं. लाकडाच्या आडव्या मयाली, त्यावर काड्या आणि त्यावर मातीचा थर. दर उन्हाळ्यात पाणी गळू नये म्हणून नवी माती चढायची आणि जुनी कोणी काढत नव्हतं. बौद्ध वस्तीतलं हे पहिलं गोट्याचं घर. किसनरावानं ते भरल्या जवानीत बांधलं तेव्हा आजूबाजूला सगळे कुडाचे होते. गावात पाहुणा आला की लोक त्याला ही भिंत दाखवत. गोट्याला गोटा असा बसवला होता की सांध्यात सुरीचं पातं शिरणार नाही. आता त्याच भिंतीत, बाजेच्या डोक्याकडे, कमरेपासून धाब्यापर्यंत भेग गेली होती.

आठवड्याखाली शाळेत भूकंप मोजायचं यंत्र बसवायला माधवी मॅडम आल्या होत्या. पोरगी तिशीच्या आतली, पायात बूट, बोलणं शहरी. यंत्र बसवून झाल्यावर त्या घरोघर फिरल्या. किसनरावाच्या भिंतीपाशी बराच वेळ थांबल्या.

"कोणी बांधली?"

"आमच्या बाबानं," धर्मपाल छाती काढून म्हणाला. तो स्वतः गवंडी होता, परतवाड्याला इमारतींवर जायचा. "गावातल्या निम्म्या भिंती त्याच्याच हातच्या हायेत."

"दगड सुरेख बसवलेत," त्या म्हणाल्या. "पण बाबा, अशा रुंद भिंतीला दोन तोंडं असतात ना, एक बाहेरचं, एक आतलं. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे लांब, आरपार दगड घातलेत का मध्ये?"

"हायेत ना," किसनराव चटकन म्हणाला. "हात हात लांब हायेत."

"मग ठीक. ते नसले तर हादऱ्यानं दोन्ही तोंडं सुटतात, मधे पोट फुगतं आणि भिंत बसते. तरी वरची माती उतरवा. एवढं ओझं डोक्यावर नको. आणि इथे झोपू नका."

किसनराव भिंतीकडे तोंड करून निजला. मॅडम गेल्या तरी वळला नाही.

भागीरथानं त्याच संध्याकाळी विषय काढला होता. "माती उतरवू ना. दोघं लागू. दोन दिवसाचं काम."

"पंचनामा झाल्याबिगर हात नाई लावाचा," धर्मपाल म्हणाला. "फोटो पाठवला हाये. पटवारी येऊन पाहीन, मंग."

"कधी येइन?"

"त्याच्याकडं तीन गावं हायेत."

पटवारी आला नाही. मंगळवारी मजुरी बुडवून दोघं तहसिलीत गेले. खिडकीतल्या बाबूनं मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"ही भेग आहे. भेगा घेत नाहीत. पडझड घेतात. भिंत पडली की फोटो पाठवा."

"साहेब, भिंतीखाली मानूस निजते," भागीरथा म्हणाली.

"मग माणसाला उठवा."

"अन् आमीच उतरवली तं? पडाच्या आंधी?"

बाबूनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "मग ती भूकंपानं पडली असं कसं म्हणणार बाई?"

मागच्या माणसानं कोपरानं तिला बाजूला केलं. परतीच्या जीपमध्ये ती बाहेर पाहत बसली. धर्मपालनं दोनदा विचारलं, "काय झालं?" तिला वाटलं, याला आता काय सांगावं. मेल्यावर या म्हणतात, हे याला ऐकू आलं नाही का?

दुसऱ्या दिवशी, भाकर विस्तवात गेली त्याच सकाळी, ती जानरावच्या वावरात कापूस वेचायला गेली. जानराव गावठाणातला, साठी उलटलेला, तोंडानं फटकळ पण मजुरी थकवणारा नव्हे. थंडी नुकती उतरली होती. बोंडांची टोकं वाळून काट्यासारखी झाली होती आणि नखांच्या कडेला चिरा पडून त्यात कापसाचा तंतू अडकत होता. बारा बायका दोन ओळीत वाकलेल्या. अकराच्या सुमारास पुन्हा गुडगुड झाली. पऱ्हाट्या वारा नसताना हलल्या. बायका जागच्या जागी बसल्या, एकदोघींनी झाडं धरली आणि मग सगळ्या हसत सुटल्या.

"वावरात बरं हाये बाई," शेजारच्या ओळीतून बेबीताई म्हणाली. बेबीताई म्हणजे भागीरथाची भिंतीला भिंत लागून शेजारीण, लेकीच्या बाळंतपणानं आजी झालेली. "आभाळ तं पडत नाई आंगावर."

"पटवाऱ्याले वावरात घर बांधून दे म्हनाव," दुसरी कोणी म्हणाली.

बांधावरून जानराव ओरडला, "हसा, हसा! ज्याची भित कच्ची त्यानं भ्यावं. माह्या घरच्या भिती दोन हात रुंद हायेत." मग भागीरथाकडे पाहून म्हणाला, "तुह्या सासऱ्यानंच रचल्या. पुसून पाय त्याले."

भागीरथाला बरं वाटायला हवं होतं. तिला फक्त पाठ दुखत असल्याचं जाणवलं.

चार वाजता ती घरी आली. निंबाखाली बाज नव्हती. किसनराव भिंतीपाशी, भेगेच्या खाली, पांघरूण घेऊन पडला होता. उशाशी पाण्याचा तांब्या, वरून माती झडून पाण्यावर तवंग आलेला.

"मामाजी, मी तुमाले कितीक खेपा सांगू?"

"माहं घर हाये."

"मंग मरा त्याच्यात!" तिच्या तोंडून निघून गेलं.

तिनं धर्मपालच्या घरी ठेवलेल्या पिशवीतून ओळंबा काढला. वीस वर्षं तिनं त्याच्या हाताखाली घमेली वाहिली होती, माल कालवला होता. थापी कधी तिच्या हातात आली नाही, पण ओळंबा कसा धरतात ते तिला ठाऊक होतं. मयालीला दोरी बांधून तिनं तो भिंतीवरून खाली सोडला. वर दोरी भिंतीपासून तीन बोटं सुटलेली. मध्यावर ती भिंतीला टेकली. खाली पुन्हा तीन बोटं. माधवी मॅडम येऊन गेल्या त्या दिवशी हाच ओळंबा धर्मपालनं सोडला होता, तेव्हा मध्यावर दोन बोटं जागा होती. भिंतीला पोट आलं होतं, आणि ते वाढत होतं.

तिनं ओळंबा तसाच लटकत ठेवला.

सकाळी धर्मपाल परतवाड्याच्या जीपमध्ये बसून गेला. भागीरथानं बेबीताईला हाक मारली. दोघींनी बाज उचलली, म्हाताऱ्यासकट निंबाखाली नेली, आणि मग भागीरथानं त्याला हाताला धरून खाली चटईवर बसवलं आणि रिकामी बाज उचलून बेबीताईच्या धाब्यावर टाकली.

"आता ओढा," ती म्हणाली.

"तू काय करून राह्यली?" किसनरावचा आवाज बदलला.

तिनं पदर कमरेला खोचला, डोक्याला फडकं बांधलं, शिडी लावली आणि फावडं घेऊन धाब्यावर चढली. पायाखाली माती दगडासारखी बसलेली. आधी कुदळ मारावी लागली. पहिला थर सुटला, त्याखाली दुसरा, रंगानं वेगळा, त्याखाली तिसरा. जणू दर वर्षीचा उन्हाळा तिथे घडी घालून ठेवला होता. ती मयालीच्या रेषेवर पाय ठेवून उभी राहायची, मधल्या काड्यांवर भार द्यायची नाही. फावडंभर माती अंगणात पडली की धूळ उठायची आणि खाली बसलेला म्हातारा खोकायचा.

तासाभरात अर्धी वस्ती जमली. कोणी हात लावला नाही. बोलले सगळे.

"भागीरथा, पंचनामा नाई झाला ना वं?"

"तुह्या नवऱ्याले माईत हाये काय?"

"बाईनं धाब्यावर चढू नये."

"मंग तू चढ!" भागीरथा वरून म्हणाली. तो माणूस मागच्या मागे गेला.

कोणीतरी फोन केलाच. दुपारी धर्मपाल आला, अंगावर सिमेंटचे शिंतोडे, संतापानं नाकपुड्या फुललेल्या.

"उतर खाली! उतर म्हंतो ना! सारं मातीत घातलं तू. आता पटवारी येइन तं काय दाखवू त्याले? तुह्यं तोंड?"

"दाखवा."

"बाबाच्या हातचं घर हाये थे! पन्नास वर्सं काई नाई झालं त्याले!"

"अंदर जा," ती फावड्यावर टेकून म्हणाली. घामानं मातीचे ओघळ तिच्या गळ्यावरून उतरत होते. "ओळंबा सोडला हाये मी. तुमचाच हाये. पाहून या अन् मंग शिव्या द्या मले."

तो तणतणत आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. लोक वाट पाहत उभे. आला तेव्हा त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. सदरा काढून निंबाच्या फांदीवर टाकला, दुसरं फावडं घेतलं आणि शिडी चढला.

"थ्या अंगानं घे," तो म्हणाला. "मधात नको उभी राहू."

"मले समजते."

त्या दिवशी अंधार पडायच्या आत माती उतरली. दुसऱ्या सकाळी काड्या आणि मयाली काढल्या, मोजून एका बाजूला रचल्या. मग भिंत. किसनराव कालपासून बोलत नव्हता. जेवण पुढे ठेवलं तर अर्धं खायचा, पाणी मागायचा नाही. पण धर्मपालनं पहिला गोटा उचलला तसा तो चटईवरून उठून, काठी टेकत, जवळ येऊन उभा राहिला.

"वरून घे. कोपरा नको छेडू."

"हो बाबा."

भागीरथानं आतल्या बाजूनं सब्बल, लोखंडी पहार, लावली. तिला वाटलं जोर लागेल. सब्बल दोन गोट्यांच्या मधून सरळ आत गेली, जशी ओल्या मातीत जावी. तिनं थोडं पिळलं आणि कमरेएवढ्या उंचीचा आतला सगळा थर, पंधरा-वीस गोटे, एकदम तिच्या पायांशी घसरला. ती मागे उडाली. टाचेवर एक गोटा आला आणि कातडं सोललं.

"काय झालं?" धर्मपाल वाकून पाहू लागला.

भिंतीचं बाहेरचं तोंड अजून उभं होतं. हातभर जागा सोडून. आतलं तोंड खाली पडलं होतं. दोन्हीच्या मधे काय होतं ते आता दिसत होतं. भुसभुशीत माती, बारीक चिपा, उंदरानं जमवलेल्या चिंध्या आणि कापूस. एकही गोटा या तोंडातून त्या तोंडात गेलेला नव्हता. धर्मपालनं हात घालून इकडून तिकडून चाचपलं. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "आरपार गोटे कुठी हायेत?"

किसनराव काठीच्या मुठीकडे पाहत होता.

"तुमी मॅडमले सांगतलं ना, हात हात लांब?"

"नाईत," किसनराव म्हणाला.

"एक बी नाई?"

"नाई."

भागीरथा टाच धरून खाली बसली होती. रक्त मातीत मिसळत होतं. तिच्या डोक्यात एकदम काहीतरी जुळलं आणि त्याचा तिला अधिकच संताप आला.

"तुमाले माईत होतं," ती म्हणाली. "म्हनून तुमी इथीच निजत होते. आमाले त्या खोलीत, अन् तुमी रोज या भिंतीखाली. काहून? पडली तं तुमच्यावर पडन म्हनून?"

म्हातारा हळूहळू पडलेल्या गोट्यांवर बसला.

"हात तसा बसला होता माहा," तो म्हणाला. "मी गावठाणात भिती रचे ना, तवा आमी भाहेरचं तोंड रचू. अंदरचं तोंड रचायले दुसरे लोक राहत. अंदर चूल राहे, देव राहे त्याईचे. आमाले अंदर येऊ नाई देत. भाहेरून आमचा थर चढे, अंदरून त्याईचा. मधात माती भरून देत. आता आरपार गोटा घालाचा मनलं तं दोघाईनं एकाच गोट्याले हात लावा लागते." तो थांबला. "तसंच शिकलो मी. मंग हे घर बांधलं. इथी कोनी अडवाले नव्हतं मले. लांब गोटे बी होते, नाल्यात पडेल. पण तसंच रचलं. दोन वर्सानं एक म्हातारा गवंडी आला मोर्शीकडला, त्यानं सांगतलं मले, अशी भित खोटी असते. तवर सारे मनत होते, किसनची भित पाहा."

धर्मपालनं पडलेला एक गोटा उगाचच उचलून दुसऱ्यावर ठेवला.

"कितीक घरं?" भागीरथानं विचारलं.

"काय?"

"अशा भितीचे घरं कितीक हायेत गावात?"

किसनरावनं बोटांवर मोजलं. ओठ हलत होते. "नऊ. हे धरून."

"अन् पंचवीस दिवसापासून तुमी चूप हा?" तिचा आवाज चढला. "बेबीताईचं धरलं काय त्याच्यात?"

"धरलं."

"तिचा नातू महिन्याचा हाये, मामाजी!"

"मले माईत हाये," म्हातारा म्हणाला. "तू काय मले शिकवतं?" आणि तो रडू लागला. भागीरथाला त्याची कीव यायला हवी होती. तिला एवढंच वाटलं की आपण आता त्याचं तोंड पुसायला बसलो तर संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार. ती लंगडत उठली आणि टाचेला हळद लावायला गेली.

त्या रात्रीपासूनच बेबीताई नातवाला घेऊन अंगणात निजू लागली. भागीरथानं तिला एवढंच सांगितलं की भिंतीला पोट आलंय. बाकीचं सांगायला तिची जीभ वळली नाही.

तिसऱ्या दिवशी, पंचवीस दिवस न आलेला पटवारी आला. मोटरसायकलवर, पाठीला बॅग, पोरगेलासा, डोळ्यांखाली काळं. मागे जानराव आणि गावातले दहा-बारा. बेबीताईही आली, कडेवर बाळ.

पटवाऱ्यानं अंगणातला मातीचा ढीग पाहिला, रचलेल्या मयाली पाहिल्या, कमरेएवढी उरलेली भिंत पाहिली.

"हे कधी पडलं?"

"आमी उतरवलं," भागीरथा म्हणाली.

"तुम्हीच?"

"पडाची वाट पाहाची होती काय?"

त्यानं निश्वास टाकला. "ताई, मी काय लिहू यात? इथे रकानाच नाही तसा." तेवढ्यात जमीन गुरगुरली. मोठा नव्हता, पण उभ्या माणसाला गुडघ्यात कळला. पटवाऱ्यानं उडी मारून अंगणाचा मधला भाग गाठला, वही खाली पडली. गावकऱ्यांतलं कोणीच हललं नाही. एका म्हाताऱ्यानं वही उचलून, झटकून त्याच्या हातात दिली.

त्यानं ती घेतली आणि लिहिलं. लिहिलेलं वाचूनही दाखवलं: मालकाने घर स्वतः पाडले, भूकंपाने नुकसान नाही.

"घे," जानराव म्हणाला. "चार दिवस थांबली असती तं काय झालं असतं? मोठी शहाणी."

भागीरथानं तोंड उघडलं. तिला त्या पटवाऱ्याला, जानरावला, त्या खिडकीतल्या बाबूला, सगळ्यांना एकदम ऐकवायचं होतं. पण तिच्या आधी किसनराव बोलला. तो उरलेल्या भिंतीला धरून उभा होता.

"लिहा साहेब. खरं हाये थे. भूकंपाची गरजच नव्हती. भित खोटी होती. मीच रचली खोटी."

"बाबा, बसा तुमी," धर्मपाल म्हणाला.

"नाई. ऐका सारे." आणि त्यानं नऊ घरांची नावं घेतली. एकेक, कुठली भिंत, कोणत्या दिशेची. चार वस्तीतली, पाच गावठाणातली. तिसरं नाव बेबीताईचं होतं, सहावं जानरावचं.

बेबीताईनं बाळ छातीशी घट्ट धरलं. "माह्या नातवाचा पाळना त्या भितीले होता, बाबा," ती म्हणाली. "दहा दिवस होता. तुमी येऊन पाहून गेले त्याले. त्याच्या हातात नोट ठेवली तुमी."



"लाज नाई वाटली तुले?" जानराव पुढे आला. चेहरा लाल. "पन्नास वर्सं आमी त्या भितीखाली लेकरंबाळं निजवले. पैसे घेऊन असं काम केलं तू?"

"अर्धंच काम देल्लं होतं तुमच्या बापानं त्याले," भागीरथा म्हणाली. ती ओरडली नाही. तिच्यात ओरडायचं त्राणच नव्हतं. "भाहेरचं. अंदरचं दुसऱ्याले देल्लं. कोनी कोनाच्या गोट्याले हात नाई लावाचा. मंग भित कशी जुळन, जानरावभाऊ? थे सांगा अन् मंग लाज काढा."

गावठाणातल्या दोघा म्हाताऱ्यांनी खाली पाहिलं. त्यांना आठवत होतं हे दिसत होतं. पटवारी वही मिटून मोटरसायकलकडे निघाला होता, तो थांबला.

"ती नावं परत सांगता का, बाबा?" तो म्हणाला. "रकाना नाही. पण मी लिहून घेतो. मॅडमना फोन करतो."

यावेळी नावं भागीरथानं सांगितली. किसनरावचा आवाज बसला होता.

पटवारी गेला तरी माणसं हलेनात. मग जानराव गळ्यातलं उपरणं काढून पुन्हा घालत म्हणाला, "माह्या घरची उगवतीची म्हनाला ना तू?"

"हो."

"दाखव चाल."

सगळे निघाले. किसनराव काठी टेकत, धर्मपाल त्याच्या दंडाला धरून, भागीरथा हातोडी आणि ओळंबा घेऊन मागे. टाच ठणकत होती. बेबीताई किसनरावशी बोलत नव्हती, पण येत होती. तिची पाळी या घरानंतर होती.

जानरावच्या घराची उगवतीची भिंत बाहेरून कालच रचल्यासारखी दिसत होती. किसनरावनं तिच्यावर नुसती नजर फिरवली. "इथून काई समजत नाई," तो म्हणाला. "अंदरून पाहा लागन."

जानराव ओसरी चढला. मधलं दार ढकललं. आत अंधारी खोली, धान्याच्या कोठ्या, पलीकडे देवघराची चौकट. ओसरीपर्यंत किसनराव आयुष्यात शेकडो वेळा आला होता. तिथे त्यानं चहा प्यायला होता, मतदानाच्या गोष्टी केल्या होत्या, जानरावच्या पोराच्या लग्नाचा लाडू खाल्ला होता. मधल्या दारापाशी तो उभा राहिला. चौकटीला हात लावला, काढला. मग वाकून चप्पल काढू लागला. पट्टा अडकला.

"राहू द्या ना चप्पल, बाबा," जानराव म्हणाला. आवाज खाली आला होता.

किसनराव वाकलेलाच. मागे सगळे खोळंबले. भागीरथाच्या खांद्यात कळ येत होती, बोटं चिरलेली, घरी छप्पर नाही, चुलीवर काही नाही, आणि हा म्हातारा एका पट्ट्याशी झुंजत होता.

"चाला ना, मामाजी," ती म्हणाली. "सात घरं राह्यले अजून."

त्यानं चप्पल तशीच पायात ठेवली आणि आत पाऊल टाकलं. दोन पावलं गेला, डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं, हात पुढे करून चाचपडला.

"लाइट लाव ना रे, जानराव," तो कावून म्हणाला. "अन् थ्या कोठ्या सरकव. मले भित दिसली पायजे."

जानराव बटण शोधायला गेला.